वाढत्या अंगाचा दांडपट्टा

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांसाठी जे जे घेतले जाते, ते वाढत्या अंगाचे घेतले जाते. शाळेचा गणवेश घ्या, रेनकोट घ्या, पुढे कापसाचा बोळा कोंबून घातलेले बूट घ्या. ‘पुढच्या वर्षी अगदी बरोबर बसेल’ हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असे मराठी मूल मला अजून भेटायचे आहे. मला स्वतःला सहावीत शिवलेला कोट दहावीत नीट बसला, आणि तोवर तसले कोट कुणी घालीनासे झाले होते. पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कोट मोठा झाला म्हणून कुणाचा हात काळानिळा पडत नाही.

गेल्या भाऊबिजेला मी पुण्याहून कोल्हापूरला बहिणीकडे गेलो, तो भाचीसाठी दांडपट्टा घेऊनच. पोरगी अकरा वर्षांची. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत वर्षभर काठी फिरवीत होती आणि वस्तादांनी आता पट्टा हाती द्यायचे कबूल केले होते. मामाला हे कळले आणि मामाने एका दुकानात जाऊन चकचकीत पितळी मुठीचा, लाल मखमलीचे अस्तर लावलेला भलामोठा पट्टा घेतला. दुकानदार म्हणाला, “जरा मोठा होईल, पण वाढतं अंग आहे.” मी त्याच्या दूरदृष्टीवर खूश झालो.

फाल्गुनात बहिणीचा फोन आला. “दादा, अरे ती तालमीत जायचंच नाही म्हणते. अभ्यास आहे म्हणते. आणि एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून बसते.” सदऱ्याच्या आत काय होते ते आंघोळीच्या वेळी आईला दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ. मार कुणी दिलेला नव्हता; तो माझ्या भेटीचा प्रताप होता. आणि पोरीने मनाशी काढलेला निष्कर्ष त्याहून वाईट होता. ती आईला म्हणाली, “मुलींच्या हातात जोर नसतो, म्हणून पट्टा हलतो.” तालमीतल्या कुणा मुलाने तिला हे सांगितले होते, आणि वळ पाहून तिला ते पटलेही होते.

मी दुसऱ्याच रविवारी कोल्हापूर गाठले.

आता दांडपट्टा म्हणजे काय हे ज्यांनी मिरवणुकीत लांबूनच पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तलवारीची मूठ पात्याच्या रेषेत असते. पट्ट्याची मूठ आडवी असते. कोपराच्या अलीकडेपर्यंत हात झाकणारे एक लोखंडी आवरण असते, त्याला खोबळा म्हणतात. खोबळ्याच्या आत आडवी दांडी असते. ठोसा मारताना जशी मूठ वळावी तशी मूठ वळून ही दांडी धरायची. पुढे साडेतीन-चार फुटांचे सरळ, लवचिक, दुधारी पाते. आणि खोबळ्याच्या मागच्या तोंडाशी हाताला धरून ठेवणारे एक कडे. ह्या रचनेमुळे मनगट मुळी वळतच नाही. पट्टा फिरतो तो कोपरातून, खांद्यातून आणि खरे म्हणजे कमरेतून. हात, खोबळा आणि पाते मिळून एकच लांब अवयव होतो. म्हणूनच जाणता खेळाडू दोन्ही हातांत दोन पट्टे घेऊन गिरक्या घेऊ लागला की माणूस कुठे संपतो आणि पोलाद कुठे सुरू होते हे कळत नाही.

आणि म्हणूनच, तलवार थोडी मोठी झाली तर चालून जाते, पट्टा मोठा झालेला चालत नाही. कडे सैल असेल तर पाते एकीकडे जाते आणि हात दुसरीकडे. प्रत्येक वळणावर कड्याची कडा हातावर आपटते. एका मिनिटात पंचवीस-तीस वेळा.

वस्तादांनी माझा पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारले, “पावणं, ह्यो पट्टा कुनासाठी आणलासा?”

“भाचीसाठी.”

“मग असं करा. तिला तिच्या बापाची चप्पल घाला आन रंकाळ्याला एक फेरी मारून आना. मग आपन बोलू.”

मी काही बोलणार तोच त्यांनी भाचीला हाक मारली, तिच्या हातात पट्टा चढवला आणि तिचा हात व कडे ह्यांच्या मधल्या पोकळीत आपली मूठ घातली. सबंध मूठ, बोटांच्या पेरांसकट, आत गेली. “बगितलीसा? हिच्या हातासंगं माजाबी हात जातोय ह्यात. पोरीचा काय दोष?”

हे त्यांनी मुद्दाम सगळ्या पोरांच्या देखत केले असावे असा मला संशय आहे. भाचीने तेव्हा त्या मुलाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला फार दिवस पुरेल.

कोल्हापुरात चप्पल करून घेणाऱ्याला ह्यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. चप्पल लाईनीत अजूनही अशी माणसे भेटतात, जी कागदावर पाय ठेवायला सांगतात, पेन्सिलीने भोवती रेघ ओढतात आणि अंगठ्याची जागा निराळी टिपून घेतात. पायाला माप असते हे सर्वांना मान्य आहे. हाताला माप असते हे मात्र आपण विसरून गेलो, कारण हातात धरायची बहुतेक वस्तू आता यंत्रातून एकाच मापाची येते, आणि ते माप बहुधा बाप्याच्या हाताचे असते.

पूर्वीचे कारागीर हे विसरत नसत. नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयातली शस्त्रे पाहताना पुष्कळ लोक एक शेरा हटकून मारतात, “पूर्वीच्या लोकांचे हात किती लहान असत हो!” जुन्या तलवारीच्या मुठीत आपली चार बोटे दाटीने बसतात, म्हणून हा शेरा. पण हात लहान होते म्हणून मुठी लहान, एवढी ती साधी गोष्ट नाही. मुठीच्या टोकाला असलेली चकती तळहाताच्या मुळाशी टेकावी आणि तलवार मुठीत हलूच नये, म्हणून ती दाटण मुद्दाम ठेवलेली असे. मूठ ढिली असती तर ओढून कापणारा आपल्याकडचा वार जमलाच नसता. राजघराण्यांतल्या मुलांसाठी तर खेळण्याएवढ्या, पण खऱ्या पोलादाच्या कट्यारी आणि तलवारी घडवीत. वाढत्या अंगाची तलवार देऊन कुणी राजपुत्राला घोड्यावर बसवले नाही.

कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा भाचीच्या शाळेच्या वाटेवर लागतो. १७०० साली राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या, आणि त्यानंतर औरंगजेबाच्या फौजांशी त्यांनी सात वर्षे झुंज दिली. त्यांची तलवार किती मापाची होती हे मला कुणी विचारू नये. पण ती दुसऱ्या कुणाच्या हातासाठी केलेली असेल असे मला वाटत नाही.

कोल्हापुरात हा खेळ टिकला त्याला कारणे आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजी मुलखातल्या घराघरांतली शस्त्रे गेली. कोल्हापूर संस्थान होते, ते १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थानच राहिले. इथे दरबार होता, दसऱ्याची स्वारी होती. शाहू महाराजांच्या काळात तर पेठापेठांतून तालमी गजबजल्या आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. कुस्तीच्या सावलीत मर्दानी खेळही जगले. लाठी, फरी-गदगा, बोथाटी, पट्टा, विटा. २०२४ साली शिवजयंतीला दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून पालकांची चौकशी वाढली आहे असे वस्ताद सांगतात. नाव मर्दानी असले तरी त्यांच्या तालमीत निम्म्याहून अधिक मुली आहेत. त्यामुळे लहान हाताचा प्रश्न आता माझ्या एकट्याच्या भाचीचा राहिलेला नाही.

तर मग घ्यावे काय आणि कसे?

वस्तादांच्या तालमीत पहिले वर्ष फक्त काठी. हे उत्तम, कारण काठी निवडण्यात चूक झाली तर ती स्वस्तात पडते. काठी भरीव वेळूची, सरळ, पेरांवरच्या गाठी तासलेली. जमिनीवर उभी धरली तर मुलाच्या कानापर्यंत पोचावी. कुणी भुवईपर्यंत म्हणतात, त्यावर मी वाद घालणार नाही. जाडी मात्र डोळ्यांनी ठरवू नये. मुलाने मूठ वळली की अंगठ्याचे टोक मधल्या बोटाला टेकले पाहिजे. टेकत नसेल तर काठी हातातून निसटते, ती निसटू नये म्हणून मूल ती आवळून धरते, आणि आवळून धरणारा हात पाच मिनिटांत दुखू लागतो. विकत घेताना काठीचे टोक फरशीवर हलकेच आपटून पाहावे. चिरलेल्या वेळूचा आवाज फुटक्या घागरीसारखा येतो.

पट्ट्याचे माप मी उद्यमनगरातल्या एका लोहाराच्या कारखान्यात प्रत्यक्ष घेताना पाहिले. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक सहाण, दोन माणसे आणि मराठी गाणी लावणारा रेडिओ. लोहाराने भाचीला स्टुलावर बसवले आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढला. आधी मुठीची रुंदी, चार बोटांच्या पेरांवरून आडवी. तेवढी आडवी दांडी, वर दोन्ही बाजूंना मिळून अर्धे बोट मोकळे. मग मुठीपासून कोपरापर्यंतची लांबी. तीतून तीन बोटे वजा, कारण खोबळा कोपराला भिडला की हात दुमडत नाही. मग कडे जिथे येणार तिथला हाताचा घेर. शेवटी त्याने दांडीच्या जाडीसाठी तिच्या हातात एकामागून एक चार-पाच लोखंडी सळ्या दिल्या आणि “कुठली बरी वाटती?” असे विचारले. तिने जी निवडली ती माझ्या करंगळीपेक्षा थोडीच जाड होती. मी म्हणणार होतो, की फारच बारीक होईल. पण विचारणारा तिला विचारत होता, मला नव्हे.

बहिणीने घरी आल्यावर एक युक्ती केली, ती वाचकभगिनींना उपयोगी पडेल. मापे घेतलेला कागद समोर ठेवून तिने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा खोबळा कापला, आत दांडीऐवजी लाटण्याचा एक जुना तुकडा बसवला, आणि तो हातात घालून भाचीला अंगणात दहा मिनिटे फिरायला लावले. कडे अंगठ्याच्या बाजूला घासते असे लगेच कळले. लोखंड वळवल्यावर हे कळले असते तर लोहाराचे कष्ट आणि आमचे पैसे दोन्ही वाया गेले असते.

पात्याबद्दल वस्तादांचे म्हणणे असे, की टोक जमिनीवर टेकवून पाते उभे धरले तर ते मुलाच्या बेंबीच्या वर जाता कामा नये. भाचीच्या बाबतीत ते अडीच फुटांपेक्षा किंचित जास्त भरले. पाते लवले पाहिजे आणि सोडल्यावर सरळ झाले पाहिजे. वाकून तसेच राहिले तर ते पत्र्याचे, शोभेचे. माझ्या मखमली पट्ट्याचे पाते वस्तादांनी गुडघ्यावर जरासे दाबले, ते अजून तसेच वाकडे आहे. वजनाची परीक्षा त्याहून सोपी. पट्टा हातात घालून हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे धरायचा आणि वीस अंक मोजायचे. विसाच्या आत टोक खाली झुकू लागले तर पट्टा जड आहे. मूल अशक्त आहे असा त्याचा अर्थ नव्हे. घरच्या वजनकाट्यावर माझा पट्टा सव्वा किलोवर भरला होता. नवा सातशे ग्रॅमच्या आत बसला.

धार मुळीच नको. टोक गोल केलेले हवे, कडा बोथट हवी. दसऱ्याला मैदानात डोळ्यांवर पट्टी बांधून लिंबू कापणारे पाहिले की मुलांना तसेच करावेसे वाटते, आणि काही आईबापांनाही ते पाहावेसे वाटते. त्यामागे किती वर्षे गेलेली असतात ते त्यांना दिसत नाही. शिवाय कायदा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख शस्त्रांच्या सरकारी नियमांत येतो. तेव्हा घरात धारेचे काही ठेवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावे, आणि बोथट पट्टासुद्धा रस्त्यातून नेताना कापडात गुंडाळूनच न्यावा. बसमध्ये पट्टा उघडा धरून चढलेल्या मुलाची हकीकत मी ऐकली आहे. कंडक्टरने त्याच्याकडे तिकिटाचे पैसे मागितलेच नाहीत म्हणे.

भाच्याची तऱ्हा निराळी. तो चौदा वर्षांचा. त्याने चित्रपटात फळीवर सुऱ्या फेकणारा पाहिला होता आणि त्याला सुऱ्या घडवून हव्या होत्या. हा शौक काही नवा नव्हे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढली तेव्हापासून सर्कशीच्या वेडाचे मराठी घरांना वावडे नाही. पण वस्ताद म्हणाले, “फेकलेली सुरी आनायला उटून जावं लागतं. इटा आपसूक येतोय.”

विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. साधारण पाच फुटांचा, मागच्या टोकाला दोरी, दोरीचे दुसरे टोक फेकणाऱ्याच्या मनगटाला. फेकायचा आणि झटक्याने परत ओढून झेलायचा. सुरी फेकण्यात जी गंमत आहे ती सगळी ह्यात आहे, वर शस्त्र शत्रूला बहाल केल्याचे दुःख नाही. लहान हातासाठी घ्यायचा तर इथेही तेच. दांडा मुठीत पुरता मावला पाहिजे. एका बोटावर तोलून पाहावा. तोल मध्याच्या किंचित पुढे, टोकाकडे असेल तर विटा सरळ जातो. मागे असेल तर शेपूट हलवीत जातो. शिकताना टोकाला फाळ नको, चिंध्यांचा घट्ट गोळा बांधावा. दोरी सुती आणि मऊ हवी. नायलॉनची दोरी हात सोलून काढते. आणि मनगटातला फास सरकता कधीही नसावा, कारण विटा दोरीच्या अंताला पोचला की जो हिसका बसतो तो सगळा मनगटावर येतो. फास शिवून पक्का केलेला, आत दोन बोटे जातील एवढा सैल हवा.

पाच फूट विटा, पाच फूट दोरी आणि पुढे केलेला हात. म्हणजे चारी बाजूंना बारा फुटांच्या आत मांजरसुद्धा असता कामा नये. सदाशिव पेठेतल्या माझ्या घरी एवढी मोकळी जागा फक्त गच्चीवर आहे आणि तिथे शेजाऱ्यांचे पापड वाळत असतात. कोल्हापूरकर ह्या बाबतीत अजून श्रीमंत आहेत.

नवा पट्टा ज्येष्ठात तयार झाला. पितळ नाही, मखमल नाही. काळा खोबळा, आत जुन्या धोतराच्या कापडाचे शिवलेले तीन पदर, आणि कड्याला चामड्याचा पट्टा, कमरपट्ट्यासारखी पाच भोके पाडलेला. वाढत्या अंगाची सोय लोहाराने अशी केली होती. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा लोखंडाला खाते, म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचा हात दर आठवड्याला फिरवायचा, हे काम भाचीने स्वतःकडे घेतले. पहिल्या दिवशी तिने पट्टा चढवला आणि हात सरळ पुढे धरला. आम्ही सगळे मोठ्याने अंक मोजत होतो. वीस झाले, तीस झाले. चाळीसला बहीण म्हणाली, “पुरे, आता जेवायला बसा.”

तिला लगेच खेळता येऊ लागले असे नाही. श्रावणभर ती तीच चार वळणे करीत होती. एकदा तिने अंगणातली कुंडीही फोडली. पण लांब बाह्यांचा सदरा पुन्हा निघाला नाही. खंडेनवमीला तालमीत शस्त्रांची पूजा झाली, तेव्हा तिचा पट्टा रांगेत होता. माझा मखमली पट्टाही होता, भिंतीवर, वाकडा. नव्या पालकांना दाखवायला वस्तादांनी मागून घेतला आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुतळी आणली आणि मला मूठ मोजायला लावली. जूनपेक्षा पाव बोट वाढली होती. आम्ही खोबळ्याच्या अस्तराची शिवण उसवली आणि आतला एक पदर काढून टाकला.